माफीचा मसुदा

सोमवार, ३ जून. सकाळी ८.४०

नवी वही. आजपासून रोज लिहायचं, कारण आजपासून माझ्या हातून काहीतरी ऐतिहासिक घडणार आहे.

ग्लेंडाने सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. ती आमच्या हेरन नॅरोज जनरल हॉस्पिटलची प्रमुख. म्हणाली, नॉर्मन, सलोखा समितीचा अध्यक्ष तू. हॉस्पिटल आणि इथले मूळ रहिवासी यांच्यात इतक्या वर्षांचं जे साचलंय ते आता निस्तरायचं. मुदत ३० सप्टेंबर. त्या दिवशी सगळा देश नारिंगी शर्ट घालून मूळ रहिवाशांवर झालेले जुने अन्याय आठवतो, त्याच दिवशी आपण जाहीर माफी मागायची.

म्हटलं, चार महिने म्हणजे डोक्यावरून पाणी.

ग्लेंडा म्हणाली, तुझ्याइतका अनुभव कुणाला आहे? बावीस वर्षं तक्रारींचा विभाग तूच बघतोयस.

मी विषय कॉफीवर नेला. आज ती कडू झाली होती.

संकल्प: इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अनिशिनाबे लोकांच्या, भाषेतला रोज एक शब्द शिकायचा. तळलेलं बंद. जुन्या फायली उकरत बसायचं नाही, नजर पुढे ठेवायची.

मंगळवार, ४ जून

आजचा शब्द: मिग्वेच. म्हणजे आभार. आंघोळ करताना दहा वेळा म्हटलं. लोर्नाने बाहेरून विचारलं, सर्दी झाली का? बायकोला भाषेचं अंग नाही.

पार्किंगमधून ऑफिसला लाँड्रीच्या बाजूने गेलो, बिल्डिंगला पूर्ण वळसा घालून. डायलिसिसच्या कॉरिडॉरमधून सरळ गेलं तर दोन मिनिटं लागतात, वळशाने अकरा. पण डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मंगळवार आणि गुरुवार हे माझे चालायचे वार. बाकीच्या दिवशी गुडघ्याला विश्रांती हवी, म्हणून सरळ जातो.

बुधवार, १२ जून

समितीची पहिली बैठक. सभासद आठ. त्यात अनिशिनाबे एक: आयोना केजिक. रिझर्व्हवरून, म्हणजे मूळ रहिवाशांच्या राखीव वस्तीवरून, येणाऱ्या पेशंटांचं बोलणं डॉक्टरांना समजावणं आणि डॉक्टरांचं पेशंटांना, हे तिचं काम. वय एकसष्ट, उंची बेताची, हसते तेव्हा टेबल हलतं.

बोधचिन्हावर दीड तास चर्चा. मी चित्र शोधून आणलं होतं: उंच कोरीव खांब, वर गरुड. फार देखणं. आयोना म्हणाली, सुंदर आहे रे, पण हे खांब पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या लोकांचे. आमच्यापासून हजारो किलोमीटर लांब. उद्या तुझ्या वाढदिवसाला मी आयफेल टॉवरचा फोटो लावते, चालेल?

सगळे हसले. सर्वांत जास्त मी हसलो.

मग तिने पर्समधून एक कागद काढला. चार मागण्या. पहिली, सेज या सुवासिक रानवनस्पतीची आणि देवदाराची पानं जाळून धूर घ्यायला आणि प्रार्थना करायला एक खोली. दुसरी, पेशंटजवळ दोनच नातेवाईक हा नियम काढा, आमच्याकडे माणूस मरणाच्या दारात असताना दोघं निवडायचे कसे? तिसरी, घरून मासा आणि मूसचं, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचं, मटण आणू द्या. चौथी वाचताना ती कागदाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. म्हणाली, एका माणसाच्या जुन्या तक्रारीचं नीट उत्तर द्यायचं राहिलंय.

मी वृत्तांतात लिहिलं: ४. इतर.

शुक्रवार, २१ जून

मूळ रहिवासी दिन. कँटीनला खास सूचना देऊन बॅनक करायला लावला. तो इथला साधा तव्यावरचा पाव, पण आमच्या आचाऱ्याने उत्साहात मनुका आणि दालचिनी घालून वर साखरेचा पांढरा थर दिला.

आयोनाने एक घास खाल्ला. म्हणाली, माझी मावशी आज असती तर हे खाऊन रडली असती.

अहवालात नोंद: भावपूर्ण प्रतिसाद.

गुरुवार, ४ जुलै

प्रार्थनेच्या खोलीचं उद्घाटन. ११४ नंबर. पूर्वी तिथे फरशी पुसायच्या बादल्या असत, अजून दोन आहेत, पण खोली मोठी आहे. आयोनाने शिंपल्यात पानं पेटवली. वास छान होता. बरोबर तीन मिनिटांनी धुराचा अलार्म वाजला.

अग्निशमनच्या दोन गाड्या. अख्खा मजला हिरवळीवर, पेशंट मागून उघड्या गाऊनमध्ये. आयोनाने मात्र शिंपला हातात धरून प्रार्थना पूर्ण केली. नंतर म्हणाली, गोऱ्या लोकांनी आमच्या प्रार्थनेला एवढी गर्दी आजवर केली नव्हती.

ग्लेंडा हसली नाही. अलार्मबद्दल मी लगेच देखभाल विभागाला ईमेल टाकला. म्हणजे तो विषय संपला.

डायलिसिसच्या लोकांना मशीनवरून उठवता येत नाही, ते आतच होते. त्यांच्या खिडकीतून कुणीतरी हात हलवला. ऊन डोळ्यांवर होतं. मला नीट दिसलं नाही.

मंगळवार, १६ जुलै. दुपारी

आयोना ऑफिसात आली आणि दार लावून घेतलं. मला दार लावलेलं आवडत नाही.

म्हणाली, अँब्रोज कोपनेसचं काय?

म्हटलं, कोण?

तिने खुर्ची ओढली. मी पेन्सिलीला टोक काढलं. मग म्हटलं, हं, ते. बघ आयोना, एकेका प्रकरणात शिरलं की व्यापक चित्र हरवतं.

ती म्हणाली, व्यापक चित्र डायलिसिसच्या तिसऱ्या खुर्चीत बसलंय. मंगळवार, गुरुवार, शनिवार. इथून चाळीस पावलं. अरे, तू हजारो लोकांची माफी मागायची तयारी करतोयस, एका माणसापासून सुरुवात कर. तालीम तरी होईल.

वकिलांना विचारावं लागेल म्हटलं. तर म्हणे, प्रांताचा कायदाच आहे, माफी मागितली म्हणजे दोष कबूल केला असं कोर्टात धरत नाहीत. तुला ते प्रशिक्षणात सांगितलंय. तू पहिल्या रांगेत होतास, बिस्किटं तूच वाटलीस.

शेवटी म्हटलं, फाइल तळघरात आहे, शोधावी लागेल.

फाइल माझ्या तिसऱ्या खणात आहे. पण माझं ऑफिस सगळ्यात खालच्या मजल्यावर आहे, तेव्हा तळघर म्हणणं अगदीच खोटं नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

माफीचा मसुदा तयार. अकरा पानं. लिहिताना दोनदा उठून चष्मा पुसला. वकिलांनी तो अर्ध्या पानावर आणला. मुख्य वाक्य आता असं आहे: 'भूतकाळात काही व्यक्तींना काही प्रसंगी जे अनुभव आले असतील, त्यांची आम्ही नम्रपणे दखल घेतो.' त्यांना 'माफी' शब्दच नको होता, 'खंत' हवा होता. मी हटून बसलो. अखेर 'माफी' शीर्षकात राहू दिला. मजकुरात नाही, पण शीर्षक मोठ्या अक्षरांत असतं.

जेवताना लोर्नाने विचारलं, कुणाची मागताय?

म्हटलं, सगळ्यांची.

कशाबद्दल?

बटाटे उत्तम शिजले होते.

गुरुवार, २२ ऑगस्ट

नारिंगी शर्ट आले. दोनशे. नारिंगी नाहीत, पिकत आलेल्या पीचच्या रंगाचे आहेत. आयोनाने एक उजेडात धरून पाहिला. म्हणाली, सलोखा अजून कच्चा दिसतोय.

सकाळी पाऊस होता तरी वळशाने गेलो. निश्चय म्हणजे निश्चय. लाँड्रीच्या दाराशी आयोना सिगारेट ओढत उभी. छत्रीत घेतलं मला. म्हणाली, एक सांगू? डायलिसिसच्या सहाही खुर्च्या खिडकीकडे तोंड करून आहेत. चार चार तास बसतात बिचारे, बघायला दुसरं काही नाही. गाडीतून उतरल्यापासून लाँड्रीच्या दारापर्यंत तू त्यांना दिसतोस. किती वर्षं झाली. नवा पेशंट आला की जुने सांगतात, तो नॉर्मन ट्रेस्क, हार्टसाठी चालतो.

म्हटलं, हो, हार्टसाठीच.

ती म्हणाली, मीही तेच म्हणते, त्याच्या हार्टमध्येच काहीतरी आहे.

मग सिगारेट विझवत म्हणाली, अँब्रोज दर वेळी तुला हात करतो. तू वर बघत नाहीस.

दिवसभर मोजे ओले. कामात लक्ष लागलं नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

खण उघडला.

मी ही वही कुणाला दाखवणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. अँब्रोज कोपनेस, वय त्रेसष्ट, तळ्यावर मासेमारीला गेलेला, तिथून थेट इमर्जन्सीत आला. बर्फावरून गाडी स्वतः चालवत आला. तोंड वाकडं, जीभ जड, तोल जात होता. काउंटरवर कागदावर लिहिलं गेलं: प्यायलेला आहे. कुणी रक्तदाब पाहिला नाही, कुणी तोंडाचा वास घेतला नाही. चाकाच्या खुर्चीत बसवून कॉरिडॉरमध्ये भिंतीशी लावून ठेवला, सहा तास. तो पक्षाघात होता. माणसाने जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. उजवा हात कायमचा गेला. तो हात माशाची जाळी विणायचा, लोकांच्या होड्या दुरुस्त करायचा. काही वर्षांनी किडन्याही गेल्या, तेव्हापासून तो डायलिसिसवर.

त्याच्या बहिणीने, फिलोमीनने, तक्रार लिहिली. वहीच्या पानावर, दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात. उत्तर मी दिलं. चार ओळी. 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. चौकशीअंती सर्व कार्यवाही नियमानुसार झाल्याचे आढळले. आमची सेवा सुधारण्यात आपला अभिप्राय मोलाचा आहे. आपला विश्वासू, नॉर्मन ट्रेस्क.' चौकशी मी केली नव्हती. काउंटरवरच्या बाईला फोनवर विचारलं, ती म्हणाली सगळं ठीक होतं, आणि मी टाइप केलं.

आणखी एक. त्या दिवशी मी त्या कॉरिडॉरमधून दोनदा गेलो. तो खुर्चीत एका बाजूला कलला होता. माझ्याकडे पाहत होता. मलाही वाटलं, प्यायलाय.

हे लिहून टाकल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

संकल्प: मंगळवारी त्याच्याकडे जायचं. म्हणजे पुढच्या मंगळवारी. या मंगळवारी शर्टवाल्याशी भेट आहे.

मंगळवार, २४ सप्टेंबर

गेलो. डायलिसिसच्या दारापर्यंत. हँडलला हात लावला. शिंक आली. डायलिसिसच्या पेशंटांची प्रतिकारशक्ती कमी असते, बाहेरचा जंतू जीवघेणा ठरू शकतो. मागे फिरलो. जबाबदार माणसाने हेच केलं असतं.

एकदाच शिंक आली.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

अलार्मबद्दलच्या ईमेलला आज उत्तर आलं. 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' वाचून कान तापले. लोक असं लिहूच कसं शकतात?

सोमवार, ३० सप्टेंबर

मोठा दिवस. सभागृहात खुर्च्या एकशेवीस, माणसं एकतीस, त्यातली सत्तावीस आमचीच, पीच रंगात. रिझर्व्हवरून चौघं. त्यातले एक आजोबा फ्लूची लस टोचून घ्यायला आले होते. त्यांना कुणी सांगितलं नाही की ते पुढच्या आठवड्यात आहे. शेवटपर्यंत बाही वर करून बसले.

मी मसुदा वाचला. माइकमुळे आवाज भारदस्त वाटला. टाळ्या झाल्या. ग्लेंडाने डोळे टिपले. नंतर केक.

केकच्या टेबलाशी शेवटच्या रांगेतली म्हातारी बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. राखाडी वेणी, पुरुषी कोट. आयोनाने ओळख करून दिली: फिलोमीन कोपनेस.

मी केकची प्लेट टेबलावर ठेवली.

फिलोमीन म्हणाली, वाचलंस चांगलं. कुणासाठी होतं?

तिला मागे नीट ऐकू आलं नसावं, म्हणून मी तिला छापील प्रत दिली. तिने घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. म्हणाली, उद्या मंगळवार आहे.

मंगळवार, १ ऑक्टोबर

गेलो. सर्दी नव्हती, कारणच उरलं नव्हतं.

सहा खुर्च्या. सहाही माणसांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टीव्हीवरचा माणूस घरात आला. तिसऱ्या खुर्चीतल्या अँब्रोजने डावा हात वर केला. माणूस सुकलाय फार, पण डोळे तेच. त्याचे शब्द एकेक करून येतात, मधे वाट बघावी लागते.

म्हणाला, आलास. बस.

शेजारी फिलोमीन मण्यांचं काम करत होती, मोकॅसिन या मऊ कातडी बुटाच्या वरच्या भागावर निळं फूल. मी उभ्यानेच सुरू केलं. मिस्टर कोपनेस, अकरा वर्षांपूर्वी माझ्या सहीने आपल्याला एक पत्र...

हो, हो, पत्र, तो म्हणाला. फार चांगलं पत्र होतं. मला तेव्हा अक्षरं लागत नव्हती. हिने वाचून दाखवलं, आमच्या भाषेत. मनापासून लिहिलंस. हॉस्पिटलमधला माणूस असं लिहील, मला वाटलं नव्हतं. तू लिहिलं होतंस, एकदा भेटायला येईन. मी म्हटलं हिला, कामात असेल बिचारा. मिग्वेच, नॉर्मन.

असं मी काहीच लिहिलं नव्हतं. मी फिलोमीनकडे पाहिलं. सुई थांबली होती. तिने मान वर केली, एकदाच, आणि परत खाली घातली.

मला बोलायचं होतं. देवाशपथ बोलायचं होतं. सहाही जण ऐकत होते. मी म्हणालो, आभार कसले, माझं कामच होतं ते.

कॉरिडॉरमध्ये फिलोमीन मागून आली. हळू बोलली, पण मला भिंतीला खिळवल्यासारखं. म्हणाली, तो बिछान्यात पडला होता, हात लाकडासारखा, आणि रोज विचारायचा, हॉस्पिटलने काही कळवलं का? मग तुझं ते पत्र आलं. ते मी त्याला वाचून दाखवू? मी माझ्या मनाने वाचलं. तू लिहिलंस की त्याच्यात तुम्हाला माणूस दिसला नाही, दारू दिसली. लिहिलंस की तुला रात्री झोप लागत नाही. लिहिलंस की भेटायला येशील. ते एक मी जास्तीचं घातलं. चुकलंच माझं, कारण नंतर दोन हिवाळे गाडीचा आवाज आला की तो खिडकीशी जायचा.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, तुला माहीत नव्हतं कारण तू लाँड्रीकडून जात होतास.

मग कोट सावरून म्हणाली, आता तू त्याचे आभार घेऊन मोकळा झालास. माझेच होते ते, असू दे. ठेव.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

गेलो नाही. ग्लेंडाला अंतिम अहवाल द्यायचा होता. खोली: पूर्ण. (अलार्म अजून वाजतो.) नातेवाईकांचा नियम: विचाराधीन. मासा आणि मटण: विचाराधीन. चौथ्या ओळीवर ग्लेंडाने विचारलं, हे 'इतर' काय? मी सांगितलं, एका पेशंटची वैयक्तिक भेट. तिने विचारलं, झाली का? म्हटलं, झाली. कसा होता प्रतिसाद? म्हटलं, आभार मानले त्यांनी.

तिने तिथे हिरवी खूण केली. चारांपैकी सगळ्यात हिरवी.

घरी जेवण गेलं नाही. लोर्नाने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, खणापासून. तिने माझं न खाल्लेलं ताट उचललं. मग म्हणाली, शनिवारी फिलोमीन तिथे असते का?

आयोनाला फोन केला. शनिवारी फिलोमीन बिंगो खेळायला जाते.

शनिवार, ५ ऑक्टोबर. दुपारी ३.३०, गाडीत बसून

सुट्टीचा दिवस. तरी गेलो. ऑफिसातून सरळ, कॉरिडॉरमधून. चाळीस नाही, बेचाळीस पावलं.

अँब्रोजजवळ स्टूल ओढून बसलो. बाकीचे पाच जण झोपेत होते किंवा झोपेचं सोंग घेत होते. सगळं सांगितलं. ते पत्र मी तसं लिहिलं नव्हतं. चार ओळी होत्या, नियमानुसार कार्यवाही, अभिप्राय मोलाचा. चौकशी केली नव्हती. इतकी वर्षं मी मुद्दाम बाहेरून जातोय. नियम काय होते, विभागात माणसं किती कमी होती, तेव्हा पद्धतच कशी होती, हेही सांगितलं, कारण संदर्भ लागतो. चाळीस मिनिटं मी बोलत होतो. इतकं खरं मी आयुष्यात कधी बोललो नसेन.

तो हसायला लागला. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे. मग सुई लावलेला हात हलला आणि मशीन किंचाळलं. नर्स धावत आली, तिने नळी नीट बसवली आणि मला डोळे वटारून दाखवले.

ती गेल्यावर तो म्हणाला, मला माहीत आहे.

काय माहीत आहे?

म्हणाला, अक्षरं लागत नव्हती. ओळी मोजता येत होत्या. चार ओळी. ती वीस मिनिटं वाचत होती. मधे एकदा पान उलटलं तिने. मागची बाजू कोरी होती.

 म्हटलं, मग मंगळवारी तुम्ही माझे आभार का मानलेत?

तो म्हणाला, ती बसली होती ना समोर. अकरा वर्षं तिला वाटतंय, मला त्या पत्राने बरं वाटलं. वाटलंच बरं. ती लिहिते छान. तिला सांगू नकोस हं मी हे बोललो.

सांगणार नाही असं कबूल केलं. मग धीर करून शेवटचं सांगितलं: त्या दिवशी मी तिथून दोनदा गेलो, तुम्हाला पाहिलं आणि पुढे गेलो.

तो म्हणाला, तीनदा. तिसऱ्यांदा हातात केक होता.

केक. स्टाफमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता. एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात चमचे. मी ते या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. मी विसरलो होतो असं लिहिणार होतो आत्ता, पण विसरलो नव्हतो.

तो म्हणाला, चॉकलेटचा होता. मला भूक लागली होती रे.

नर्स सुया काढायला आली. मला बाहेर जायला सांगितलं. अँब्रोजने डावा हात पुढे केला, मी दोन्ही हातांनी धरला. बाहेर आलो तर पाय हलके झालेले, हिरवळीवर दोन फेऱ्या मारल्या. पार्किंगमध्ये आयोना कुणाला तरी सोडायला आली होती. मला बघून काच खाली केली.

काय रे, बोललास?

म्हटलं, सगळं. एकूण एक. पत्र, चौकशी, वळसा, केकसुद्धा.

ती म्हणाली, शाब्बास. आणि माफी? माफी मागितलीस?

म्हटलं, अगं चाळीस मिनिटं तेच तर...

आणि थांबलो. पहिल्यापासून आठवत गेलो. संदर्भ दिला होता. पद्धत सांगितली होती. कबूल केलं होतं. मग तो हसला, मशीन वाजलं, पत्राच्या ओळी, मग केक, मग हात. एकेक वाक्य आठवून पाहिलं. तो शब्द कुठेच नव्हता.

आयोना माझ्या तोंडाकडे बघत होती. ती हसली नाही. तेच वाईट.

मी धावलो. एकोणसाठाव्या वर्षी कॉरिडॉरमधून धावलो, मागून कुणीतरी ओरडलं, धावू नका. तिसरी खुर्ची रिकामी होती. नर्स ती पुसत होती. म्हणाली, मिस्टर कोपनेस? रिझर्व्हची व्हॅन मागच्या दाराने आत्ताच गेली. काही निरोप आहे का त्यांच्यासाठी?

म्हटलं, नाही. तसं विशेष काही नाही.